वगळलेला तिसरा खंड

दीड वर्ष मी एका दैनंदिन ऐतिहासिक मालिकेसाठी कोल्हापुरात संशोधन आणि संवादलेखनाचं काम केलं. मालिकेचं आणि वाहिनीचं नाव इथे देत नाही. पण त्या कामात घडलेलं एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. कादंबरी पडद्यावर आणू पाहणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

मूळ आधार पाच खंडांच्या कादंबरीचा. लेखक आता हयात नाहीत, हक्क त्यांच्या मुलीकडे आहेत. विषय संभाजी महाराजांच्या हत्येनंतरची पंचवीस-सव्वीस वर्षं. पहिला खंड राजाराम महाराजांचा, रायगडावरून निसटून पन्हाळामार्गे जिंजी गाठण्याचा. दुसरा संताजी-धनाजींचा. तिसरा रामचंद्रपंत अमात्यांचा. चौथा ताराबाईंचा. पाचवा कोल्हापूरच्या गादीचा, आणि त्याचा शेवट होतो आज्ञापत्र या पंतांच्या राजनीतीच्या ग्रंथावर.

पैकी तिसऱ्या खंडात एकही लढाई नाही. राजा दूर तमिळ मुलखात, औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला, १६८९ च्या नोव्हेंबरात रायगडही गेलेला, आणि सगळ्या महाराष्ट्राचा कारभार विशाळगडावरून हाकणारा एक माणूस. राजाराम महाराजांनी त्यांना ‘हुकूमतपनाह’ किताब दिला होता, म्हणजे अधिकार जवळजवळ राजाचेच. पण खजिना रिकामा. खंडभर पंत पत्रं लिहितात, माणसांना भेटतात, धान्याचा हिशोब घेतात आणि सनदा देतात. चारशेवर पानं, एवढंच. पाचही खंडांत मला हा सर्वांत ताकदीचा वाटतो. मी तो पहिल्यांदा कॉलेजात असताना करवीर नगर वाचन मंदिरातून घरी नेला होता आणि परत करायला महिनाभर उशीर केला होता.

मीटिंग

मालिका सुरू होण्याआधी मुंबईत वनलाइनची, म्हणजे कथेच्या आराखड्याची, बैठक झाली. दैनंदिन मालिकेचं गणित साधं असतं. आठवड्याचे सहा भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं, आणि गुरुवारी येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे. त्या आकड्यांवर पुढच्या आठवड्याचा ट्रॅक ठरतो. अशा ठिकाणी पाच खंडांना पाच वेगवेगळे नायक असणं ही मोठी अडचण. प्रेक्षक एका चेहऱ्याशी बांधला जातो. तो चेहरा शंभर भागांनंतर मागे पडला आणि दुसराच माणूस पुढे आला की लोक निघून जातात. वाहिनीच्या लोकांची ही भीती खोटी नाही, हे मी आजही म्हणेन.

तोडगा असा निघाला की पहिले दोन खंड सावकाश घ्यायचे, चौथा नीट घ्यायचा, पाचव्यातला आज्ञापत्राचा प्रसंग शेवटच्या महाएपिसोडला ठेवायचा, आणि तिसरा खंड पूर्ण गाळायचा. पंत दिसतील, पण दरबारात उभं राहून सल्ला देणारे वडीलधारे म्हणून.

“कागद वाचणारा माणूस प्रोमोत कसा दाखवणार, ताई?” असं मला विचारलं गेलं. विचारणाऱ्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, त्याला खरंच उत्तर हवं होतं. माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

उत्तर मला नंतर सुचलं, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. पाच खंडांची कादंबरी म्हणजे एकामागून एक लावलेल्या पाच गोष्टी नव्हेत. एका खंडात पेरलेलं दुसऱ्याच खंडात उगवतं. तिसऱ्या खंडात पंत वतनं, म्हणजे वंशपरंपरागत हक्क, वाटतात. शिवाजी महाराजांचा कल वतनं देण्याच्या विरोधात, चाकरीचा मोबदला रोख देण्याकडे. पण १६९० नंतर रोख द्यायला होतं काय? समोर औरंगजेब मनसबी आणि वतनं देऊ करत होता. मराठा सरदार तिकडे जाऊ नयेत म्हणून इकडूनही वतनं, इनामं, सरंजाम देणं भाग पडलं. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात तर रायगड, विजापूर, भागानगर (आजचं हैदराबाद), औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली असे टप्पे लावून सरंजामाचं आश्वासन आहे. खिशात दमडी नसताना दिल्लीचा वायदा! त्या वायद्यांवर राज्य तगलं, ही गोष्ट खरी.

आणि तोच माणूस म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, राजाराम महाराजांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यासाठी राजनीती लिहायला बसतो. त्यात वतनदारांविषयी लिहितो की हे नावाला वतनदार, खरं तर छोटे छोटे स्वतंत्र देशनायकच. हे राज्याचे दायाद, म्हणजे हिस्सा मागणारे भाऊबंद. आज्ञापत्रातलं ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, गडांच्या पाट्यांवरही दिसतं. वतनदारांचं प्रकरण मात्र फारसं कुणी वाचत नाही. कादंबरीकारानं ते वाचलं होतं. ज्या हातानं सनदा दिल्या त्याच हातानं हा इशारा लिहिला, हे पाचव्या खंडाच्या शेवटच्या चाळीस पानांचं सगळं बळ आहे. तिसरा खंड काढून टाकला की शेवटी उरतो तो शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा एक म्हातारा मंत्री. दृश्य भव्य होईल, पण त्यात ओल राहणार नाही.

हे मी दिग्दर्शकांना एका टिपणात लिहून दिलं. सोबत एक उदाहरणही दिलं. हिलरी मँटेल यांनी आठव्या हेन्रीच्या थॉमस क्रॉमवेल या मंत्र्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या दोन २००९ आणि २०१२ मध्ये आल्या, त्यांवर बीबीसीनं २०१५ मध्ये ‘वुल्फ हॉल’ ही सहा भागांची मालिका केली. तिसरी कादंबरी २०२० ची, तिच्यावरचे आणखी सहा भाग २०२४ मध्ये आले, नऊ वर्षांनी, त्याच दिग्दर्शकाचे आणि त्याच मार्क रायलन्सचे. ती मालिका बव्हंशी खोल्यांत घडते. एक माणूस ऐकतो, गप्प राहतो, कागद उलटतो. रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले आहेत. कारभारी माणूस पडद्यावर धरून ठेवू शकतो, एवढंच मला दाखवायचं होतं. आमचा आणि त्यांचा पसारा वेगळा, हे मलाही कळत होतं. सहा भागांत दोन कादंबऱ्या बसवणं आणि आठवड्याला सहा भाग काढणं या दोन वेगळ्या जाती आहेत.

दिग्दर्शकांनी टिपण वाचलं. “पटतंय ताई. पण जागा नाही,” म्हणाले.

पाऊस

जागा पावसानं केली. जुलैमध्ये जोतिबाच्या बाजूच्या माळावर मोठी लढाई ठरली होती, घोडे बाहेरून यायचे होते. चार दिवस पाऊस उघडला नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागली. हे आकडे कोल्हापूरकराला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत, त्या दिवसांत घराघरांत दुसरं बोलणंच नसतं. रस्ते एकेक करून बंद झाले. घोडे अडकले, अर्धा मॉब, म्हणजे गर्दीतली माणसं, अडकला. तयार भागांच्या बँकेत फक्त दोन भाग शिल्लक. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आम्ही पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसलो होतो.

दिग्दर्शकांनी विचारलं, “इनडोअर काय आहे आपल्याकडं?”

मी पिशवीतून तिसरा खंड काढला. एक सदर, दोन नट, एक कारकून, एक समई. निर्मात्यांच्या माणसानं खर्चाचा अंदाज ऐकला आणि लगेच हो म्हणाला. लढाईच्या एका दिवसाच्या पैशांत हे दोन भाग होणार होते. या खंडाच्या बाजूनं सर्वांत जड मुद्दा हाच होता आणि तो बैठकीत मला सुचला नव्हता, याची खंत आहे.

निवडलेलं प्रकरण अकरा पानांचं. एक सरदार विशाळगडावर येतो. कमरेला मोगलांचा कागद आहे, मनसब देऊ करणारा. तो लपवतही नाही. पंतांना विचारतो, बादशहानं देऊ केलंय ते कागदावर आहे, आपण काय देणार? पंत देशमुखीची सनद लिहायला सांगतात. बाकी सगळं पंतांच्या मनात चालतं. आजवर कोणती गावं कुणाला दिली, त्यातलं खरोखर आपल्या ताब्यात काय, उद्या हे सगळे हक्क सांगायला आले तर राज्य म्हणून उरेल काय. कादंबरीत हे सुंदर आहे. कॅमेऱ्याला मन दिसत नाही.

आमच्या मालिकेत अशा जागी मागून आवाज देण्याची पद्धत होती. नटाचा चेहरा, त्यावर त्याच्याच आवाजात विचार. मी तसं लिहून पाहिलं, आणि वाचल्यावर फाडलं. पंत स्वतःशीच भाषण करतात असं वाटत होतं.

मग हिशोब कारकुनाच्या तोंडी दिला. सनद लिहिण्याआधी कारकून आधी दिलेल्या गावांची याद वाचतो. एक नाव झालं की थांबतो. पंत म्हणतात, “पुढे.” तो पुढचं वाचतो. “पुढे.” तिसऱ्यांदा “पुढे.” चौथ्या नावानंतर पंत काहीच बोलत नाहीत. कारकून मान वर करून पाहतो, वाट बघतो, आणि मुकाट्यानं कोरा कागद पुढ्यात ओढतो. अकरा पानांतलं मनातलं बोलणं एका शब्दात आलं. मी आजवर लिहिलेल्या संवादांत मला याच शब्दाचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

प्रकरणाचा शेवट मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण तो हलवण्यासारखा नव्हता. सरदार सनद घेतो आणि मोगलांचा कागद बैठकीवर ठेवून जातो. पंत तो उलटा करतात. पाठ कोरी आहे. गडावर कागदाची चणचण आहे. ते पुढचं पत्र त्याच पाठीवर लिहायला घेतात.

हात

लिहितानाचा हात जवळून दाखवायचा ठरला. कलाविभागानं मोरपीस खोचलेली लेखणी आणून ठेवली. आपल्या मालिकांत हे इतकं रुळलंय की कुणाला खटकत नाही. मोडी बोरूनं लिहायची, बोरू म्हणजे तासलेली काडी. तिला पीस नसतं. मी शहरातल्या एका वयस्कर मोडी वाचकांना बोलावलं. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आयुष्य पुराभिलेखागारातले जुन्या कागदांचे रुमाल सोडण्या-बांधण्यात गेलेलं. ते भर पावसात रिक्षानं आले, छातीशी पिशवी धरून. पिशवीत त्यांचे स्वतः तासलेले बोरू आणि हातकागदाचे चार ताव.

आप्पांनी कागद उभा दुमडला, एका बाजूला समास पाडला. मग अक्षर न काढता आधी डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढली, पूर्ण ओळभर. मोडीत रेघ आधी, अक्षरं मागून तिच्याखाली लटकतात, आणि बोरू फारसा उचलायचा नाही. कॅमेरामनला वाटलं आप्पा चाचणी घेतायत. “शॉट सुरू करू का?” त्यानं विचारलं.

“सुरू झालाय की,” आप्पा म्हणाले.

त्यांचा हात थरथरत होता. दिग्दर्शक म्हणाले, तरुण हात घेऊया, आप्पा शिकवतील. आप्पांना ते लागलं नाही, पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरी, शिकवून एका दिवसात अक्षर येईल, वेग न्हाई यायचा. आणि वेग नसला की त्यो लिहितोय असं दिसणार न्हाई, काढतोय असं दिसंल.” मी ते तसंच दिग्दर्शकांना सांगितलं. आप्पांचाच हात ठेवला. ते अक्षरांवर आले की थरथर थांबायची, रेघ ओढतानाच ती दिसायची. पडद्यावर ती पंतांच्या मनाची थरथर वाटली. शेवटी वाळू भुरभुरून शाई सुकवली, कागद झटकला, मोर्तब उमटवलं. ‘शिक्कामोर्तब’ आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्यातला मोर्तब हा मजकूर संपल्याची खूण करणारा छोटा शिक्का. त्याच्यानंतर एक शब्दही वाढवता येत नाही. पंतांच्या बाबतीत तर तो फारच अर्थाचा आहे, म्हणून कॅमेरा त्यावर थांबवला.

कारकुनाचं काम इथल्याच एका हौशी रंगकर्मीला दिलं. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ मध्ये जळण्याआधी त्यानं तिथे कितीतरी स्पर्धा केलेल्या. आमच्याकडे मात्र तो मॉबमध्ये भाला धरून उभा असायचा. त्याची बोली कोल्हापूरची. मी ती बदलू दिली नाही.

भाषेचा मुद्दा इथे सांगायलाच हवा. मालिकेत सगळी पात्रं एकाच संस्कृतप्रचुर मराठीत बोलत. त्या काळचे कागद काढून पाहा: सनद, याद, कौलनामा, हुजूर, सबनीस, कारखानीस. फारसी शब्दांनी ओळी भरलेल्या. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो या शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच, आणि तरीही पुढची शंभर वर्षं कारभारी हेच शब्द लिहीत राहिले. म्हणून पंत, सरदार, कारकून या तिघांची भाषा वेगवेगळी केली. पंत कागदावर एका भाषेत आणि समोरच्याशी दुसऱ्या, साध्या भाषेत बोलतात.

प्रक्षेपण

पहिला भाग जसाच्या तसा गेला. दुसऱ्यावर वाहिनीकडून टिपा आल्या. एक, कारकुनाची भाषा ग्रामीण वाटते, पुन्हा डब करा. दोन, चौथ्या नावानंतरची शांतता लांबते, संगीत भरा. तीन, शेवटी कागद उलटण्याआधी पंतांना एक वाक्य द्या, प्रेक्षकांना कळणार नाही.

मी वाद घातला. कोल्हापूर ही राजधानी होती, इथली बोली बोलणारा माणूस आपोआप ग्रामीण कसा होतो? दिग्दर्शकांनी भाषा वाचवली, शांतता अर्धी वाचवली. वाक्य मात्र घालावं लागलं. पंत म्हणतात, “कागद कुणाचाही असो, मजकूर आपला हवा.” ते मीच लिहिलं, दुसऱ्या कुणी आणखी वाईट लिहू नये म्हणून. टाळ्यांचं वाक्य आहे, प्रोमोत तेच वापरलं. त्या वाक्यानं कागद उलटण्याची कृती मारली, हे माझं आजचंही मत आहे. आधी अर्थ सांगून टाकल्यावर पाहायला काय उरतं?

आकडे पडले नाहीत, चढलेही नाहीत. पाऊस उघडला, घोडे आले, आम्ही लढाईकडे परतलो. तिसऱ्या खंडाच्या चारशेवर पानांपैकी अकरा पानं पडद्यावर आली.

कोल्हापुरात ऐतिहासिक कादंबरी पडद्यावर आणण्याला शंभर वर्षं होऊन गेली. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ केला तो हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून, आणि रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरून. मूकपटात तर संवादाचा आधारच नव्हता. रात्र दाखवायची तर रात्रच दाखवावी लागली. त्या दोन भागांच्या चित्रीकरणात मला हे सारखं आठवत होतं.

शेवटचा महाएपिसोड

नऊ महिन्यांनी आज्ञापत्राचा प्रसंग आला. ठरल्याप्रमाणे भव्य. पन्हाळा दिसला पाहिजे हा आग्रह होता. पन्हाळ्यावर पंतांची समाधी आहे, आणि २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे आणि जिंजीही. म्हणजे आमच्या पहिल्या खंडातल्या प्रवासातली दोन ठिकाणं. पण संरक्षित वास्तूत समया पेटवून रात्रभर चित्रीकरण करणं व्यवहारात बसत नव्हतं. बाहेरून गड दाखवला आणि आत चित्रनगरीतली तीच सदर वापरली, जी पावसात विशाळगड झाली होती. हे मला मनापासून आवडलं, जरी कारण पैशांचं होतं.

म्हातारे पंत मजकूर सांगतायत. कारकून तोच, आता पांढऱ्या मिशांचा. दुर्गांचं प्रकरण होतं. रयतेच्या आंब्या-फणसाची झाडं बळजबरीनं तोडू नयेत, हे होतं. मग वतनदारांचं प्रकरण येतं. पंत पहिलं वाक्य सांगतात आणि थांबतात. कारकून बोरू उचलून धरतो, वाट पाहतो, आणि हलक्या आवाजात विचारतो, “पुढे?”

नऊ महिन्यांपूर्वी जो शब्द पंतांच्या तोंडी होता तो आता कारकुनाच्या तोंडी आला. सेटवर ज्यांनी ते दोन भाग केले होते त्यांना लगेच उमगलं. लाइटवाले दादा डोळे पुसत होते. वाहिनीनं तिथे जुन्या प्रसंगाचा चार सेकंदांचा फ्लॅशबॅक घातला. मला तो नको होता. पण मधल्या काळात किती नवे प्रेक्षक आले असतील, त्यांनी ते दोन भाग पाहिलेच नसतील, हेही मला नाकारता येत नाही. पेरणी अकरा पानांचीच झाली, तर खूण दाखवावी लागणार. सगळा खंड असता, तर तीस-चाळीस भाग प्रेक्षक त्या सदरेवर पंतांसोबत बसला असता आणि फ्लॅशबॅक सुचवण्याची कुणाला हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कादंबरीकारांच्या मुलीचा फोन आला. त्यांनी लढायांविषयी काही विचारलं नाही, ताराबाईंविषयीही नाही. म्हणाल्या, “बाबांच्या पुस्तकात कारकुनाला नाव नव्हतं. काम कोणी केलं हो त्याचं?”

मी सांगितलं. त्या दिवशी श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं.